खिदिरपूरला बाहेर बसवलंत तो सामना

बाबा, खिदिरपूर गेला. मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या गोलकीपरचा फोन आला. त्याने नेहमीप्रमाणे शिव्या देऊन सुरुवात केली नाही, त्यावरूनच मला समजलं की कोणीतरी गेलंय. किडन्या निकामी झाल्या होत्या म्हणे, दीडेक वर्ष सरकारी हॉस्पिटलात खेटे घालत होता. आम्हाला दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. या एकाच कलकत्त्यात, ट्रामने अर्ध्या-पाऊण तासावर राहत होतो आम्ही तिघे. आईला सांगितलं तेव्हा ती आधी ओळखलंच नाही असं बघत राहिली आणि मग म्हणाली, "तो का, वरणाला मीठी दाल म्हणणारा?" आई आता माझ्याकडेच असते. ऐकू कमी येतं, पण तो मुलगा तिला आठवला. तुम्हाला तर आठवलाच असता.

तुम्ही त्याला नावाने कधी हाक मारली नाहीत. शाळेच्या फुटबॉल टीममधल्या कुणालाच तुम्ही नावाने हाक मारत नव्हता. गोलकीपर, राइट बॅक, सेंटर हाफ. मलाही मैदानावर "ए लेफ्ट हाफ" आणि मी तुम्हाला "सर". बाबा फक्त घरात. एकट्या त्याला तुम्ही त्याच्या वस्तीच्या नावाने हाक मारायचात, "ए खिदिरपूर", कारण मैदानावर त्याची जागा कुठली हे तुम्हालाही ठरवता आलं नव्हतं. तो सगळीकडे असायचा. पुढे मग आम्हीही त्याला तेच म्हणायला लागलो, आणि त्याचं खरं नाव मला परवा त्याच्या घरी, हार घातलेल्या फोटोखाली पुन्हा वाचावं लागलं.

त्याला तुम्हीच आणलंत, हे मी कधी विसरत नाही. खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये तुमचे कोणी ओळखीचे होते, त्यांना भेटून ट्रामने परत येताना खिडकीतून तुम्हाला रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत मुलं खेळताना दिसली, आणि तुम्ही चालत्या ट्राममधून उतरलात. हे तुम्ही घरी येऊन आईला सांगत होता तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून दिसतं. शर्टाच्या बाह्या मुडपलेल्या, चपलांना चिखल. "अगं, अनवाणी खेळतोय. डावा पाय असा चालतो की मला काही सांगताच येत नाही," असं म्हणत तुम्ही स्वयंपाकघरातच तुमचा डावा पाय हलवून दाखवलात, आणि आई हसली. भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांत तुम्हाला इतकं खुश मी क्वचितच पाहिलंय. त्याचे वडील गोदीत पोती वाहायचे, मूळचे बिहारचे. तुम्ही त्यांना जाऊन भेटलात, हेडमास्तरांच्या मागे लागून फी माफ करून घेतलीत, आणि त्याला आमच्या वर्गात आणून बसवलंत. तुमचे स्वतःचे जुने बूट त्याला दिलेत, पुढे कापूस कोंबून. शनिवारी प्रॅक्टिस संपली की तो आमच्याकडे जेवायचा. आईच्या गूळ घातलेल्या वरणाला नावं ठेवत ठेवत तीनदा भात घ्यायचा.

तुमची पद्धत मला तोंडपाठ होती, कारण ती मैदानावर यायच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात घडायची. आई पोळ्या लाटत असायची आणि तुम्ही फरशीवर वाट्या मांडायचात. वाट्या म्हणजे आपण, पेले म्हणजे ते. मोहरीचा डबा आमचा गोलकीपर. कॉर्नर आला की मी त्यांच्या गोलकीपरच्या अंगावर उभं राहायचं, चेंडू मारणाऱ्याने हात खाली केला की दोन पावलं मागे येऊन एकदम जवळच्या खांबाकडे धावायचं. ती वाटी तुम्ही इतक्या वेळा सरकवलीत की फरशीवर तिचा ओरखडा उठला होता. "अहो, मोहरी द्या इकडे, फोडणी करपतेय," असं आई म्हणायची, आणि तुम्ही डबा उचलून देताना त्या जागी बोट ठेवून बसायचात. मला त्या वाट्यांची सवय झाली होती. मी साधा खेळाडू होतो, बाबा. तुम्हाला ते पहिल्यापासून माहीत होतं आणि तुम्ही ते मला कधी लपवून ठेवलं नाहीत. "तुझ्यात काही नाहीये," तुम्ही एकदा म्हणालात, रागाने नाही, डॉक्टर सांगतात तसं, "म्हणून तुला शिकवता येतं."

त्याला शिकवता येत नव्हतं. तो ऐकायचा, मान डोलवायचा, मांडलेल्या विटांमधून चेंडू न्यायला सांगितला की नेऊन दाखवायचा, आणि सामन्यात पंधरा मिनिटं तुमच्या सांगण्याप्रमाणे खेळून मग आपलं सुरू करायचा. त्या वर्षी आंतरशालेय नॉकआउटच्या उपांत्यपूर्व सामन्यात आम्ही एका गोलने मागे होतो. मैदान नुसतं चिखलाचं, चेंडू पुढे जात नव्हता. तुम्ही कडेवरून ओरडत होता, "पास, पास!" आणि त्याने अर्ध्यातून चेंडू घेतला तो कुणाला दिलाच नाही. चिखलात चेंडू अडकतो म्हणून तो त्याला जमिनीला लागूच देत नव्हता, पायाच्या वरच्या भागावर उचलून उचलून नेत होता. चौघे मागे पडले. शेजारच्या क्लबच्या तंबूंमधली माणसं चहाची भांडी हातात घेऊन आमच्या लायनीपाशी येऊन उभी राहिली. तो गोल झाला, आणि नंतर दुसराही त्यानेच केला. हेडमास्तरांनी तुमचा हात हातात घेऊन हलवला. तुम्ही हसलात. घरी आल्यावर मात्र पाटावर बसता बसता म्हणालात, "आज आपण जिंकलो नाही. तो जिंकला."

"मग काय वाईट झालं?" आईने विचारलं.

"उद्या त्याचा पाय चालला नाही तर? नॉकआउट आहे हे. एक दिवस वाईट गेला की घरी. टॅलेंटच्या भरवशावर मी अकरा मुलांना मैदानावर उतरवणार नाही."

तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी इतक्या वर्षांत पुष्कळ फुटबॉल पाहिला, आणि दर वेळी बघितलं की लीगमध्ये भारी खेळणाऱ्या मुलांच्या टीम्स बाद फेरीत गडबडतात, आणि रोज त्याच त्याच गोष्टी घोटून घेतलेल्या टीम्स कसंबसं रेटत पुढे जातात. ते खरं आहे. पण त्या संध्याकाळी तुम्ही ते म्हणत असताना तुमचा आवाज नुसता विचार करणाऱ्या माणसाचा नव्हता. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, मला तो आवाज ओळखता आला नाही. आज माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. मला वाटतं तुम्हाला भीती वाटली होती. तंबूंमधली माणसं त्याला बघायला आली होती. तुमच्या वाट्या त्यांना दिसल्या नव्हत्या.

उपांत्य सामन्याच्या आधी तो दोन दिवस प्रॅक्टिसला आला नाही. नियम सगळ्यांना ठाऊक होता, प्रॅक्टिस नाही तर मॅच नाही. मावशीच्या लग्नाला गेलो म्हणून मलाही तुम्ही बाहेर बसवलं होतंत, त्यामुळे नियमाबद्दल तक्रार करायला कुणाला जागा नव्हती. सामन्याच्या दिवशी आम्ही मैदानावर कपडे बदलत होतो, तेव्हा तो फोर्ट विल्यमच्या बाजूने धावत येताना दिसला. बूट गळ्यात अडकवलेले, खांद्यावर ज्यूटच्या पोत्यांची पिवळी धूळ. त्याच्या वडिलांची पाठ धरली होती, आणि मुकादमाने सांगितलं होतं की घरातलं कोणी आलं नाही तर जागा दुसऱ्याला देईन. हे मला नंतर कळलं. तुम्हाला तेव्हाच कळू शकलं असतं.

"सर, बाबूजी का..."

"दो दिन कहाँ था?"

"वही बोल रहा हूँ सर, बाबूजी का पीठ..."

"प्रैक्टिस में आया था?"

तुम्ही मान वळवून मला म्हणालात, "लेफ्ट हाफ, तू पुढे खेळ. त्याच्या जागी." मग त्याच्याकडे न बघता, "बैठ उधर." तो बाकावर जाऊन बसला. बसण्याआधी त्याने बूट घातले आणि नाड्या घट्ट बांधल्या, हे मी पाहिलं. त्याला वाटत होतं की तुम्ही रागावला आहात, आणि अर्ध्या वेळानंतर राग उतरेल.

अर्ध्या वेळेपर्यंत गोल नव्हता. खरं तर आम्ही नुसते बचावत होतो. गोलकीपरचे दोन्ही कोपरे सोलले होते. तो तुमच्याजवळ आला आणि बाकाकडे बोट दाखवून हळूच बांग्लात म्हणाला, "सर, ओके नामान ना." त्याला उतरवा. तुम्ही म्हणालात, "तू आपला गोल सांभाळ." दुसऱ्या अर्धात ते आमच्या अंगावरच आले. एकदा चेंडू बाहेर गेला, थ्रो त्यांचा होता, मी लायनीपाशी उभा राहून श्वास घेत होतो आणि तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तुम्ही बाकाकडे पाहिलंत. तुम्ही पाहिलंत तसा तो उठला. उठून त्याने दोन उड्या मारल्या, पाय मोकळे करायला मारतात तशा. तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात आणि मग पुन्हा मैदानाकडे वळलात. तो काही वेळ उभाच होता. त्याला बसायला कोणी सांगितलं नाही, म्हणून तो उभाच राहिला.

शेवटी शेवटी आम्हाला एक कॉर्नर मिळाला. त्या सामन्यातला आमचा पहिलाच असावा. मी त्यांच्या गोलकीपरच्या अंगावर जाऊन उभा राहिलो. हात खाली आला, मी दोन पावलं मागे आलो आणि जवळच्या खांबाकडे धावलो. मला धावायचं आहे असं काही वाटलं नाही, पायच गेले. चेंडू माझ्या कपाळाच्या कडेला लागला आणि आत गेला. मी वळून पाहिलं तर सगळ्यांच्या आधी तो माझ्यापर्यंत पोचला होता. बाकावरून धावत, लायन ओलांडून, रेफरी शिट्टी मारतोय तिकडे लक्ष न देता. त्याने मला कमरेला धरून उचललं. "मार दिया साले! मार दिया!" त्याच्या अंगाला पोत्यांचा वास येत होता. तो खरंच आनंदला होता, बाबा. मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं की त्यात काही खोट होती का. नव्हती.

सामना संपल्यावर आम्ही तंबूपाशी बसून अंडं, केळं आणि पाव खात होतो. तोही आमच्यात बसून खात होता. तुम्ही मध्ये येऊन उभे राहिलात. तुम्ही एवढंच म्हणाला असतात की छान खेळलात, तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. तुम्ही म्हणालात, "देखा? उसके बिना जीते. याद रखो सब लोग. टीम को किसी एक की ज़रूरत नहीं." सगळ्यांनी खाली पाहिलं. त्याच्या तोंडात घास होता. तो त्याने चावून गिळला, उरलेला पाव पुन्हा कागदात गुंडाळला आणि शेजारच्या मुलाला दिला. तुम्हाला वाटलं असेल तुम्ही त्याला शिस्त शिकवताय. आमच्यातल्या बाकीच्यांना ती शिकवायची गरज नव्हती, आणि त्याच्यापर्यंत तुमचं शेवटचं वाक्य तेवढंच पोचलं. हरलो असतो तर दुसऱ्या दिवशी सगळी शाळा तुम्हाला बोलली असती, तुम्ही चिडला असतात, आणि पुढच्या वर्षी त्याला पहिला उतरवला असता. आम्ही जिंकलो, म्हणून तो संपला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही, प्रॅक्टिसलाही नाही. तुम्ही घड्याळाच्या काट्यावर शिट्टी वाजवणारे. त्या दिवशी घड्याळ बघितलंत, गेटकडे बघितलंत, गोलच्या जाळीची गाठ सोडून परत बांधलीत, आणि मग शिट्टी वाजवलीत. पुढच्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी शाळा बुडवून ट्रामने खिदिरपूरला गेलो. गोदीच्या मागच्या गल्लीत, पोत्यांच्या ढिगाला टेकून तो मजुरांबरोबर मातीच्या भांड्यातून चहा पीत होता. अनवाणी. मला बघून त्याचा चेहरा एकदम खुलला. माझ्या मागे कोणी येतंय का, ते त्याने वाकून पाहिलं.

"सर ने भेजा?"

मी खोटं बोललो असतो तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. मला ते सुचलंही नाही. "नहीं. मैं आया हूँ," मी म्हणालो.

"अच्छा." त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. आम्ही थोडा वेळ इकडचंतिकडचं बोललो. वडील उठत नव्हते. मुकादमाने त्याला पक्कं धरलं होतं. चहा संपल्यावर मी म्हणालो, चल ना, फायनल आहे. तो हसला. "तू जा. नहीं तो तेरा प्रैक्टिस छूट जाएगा."

संध्याकाळी मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही खाली वाट्या मांडत होता. वडिलांच्या पाठीचं सांगितलं, मुकादमाचं सांगितलं. तुम्ही ऐकलंत. मग मी म्हणालो, "तो विचारत होता, सरांनी पाठवलंय का."

"मग?"

"तुम्ही एकदा गेलात तर येईल तो."

आईने पोळपाटावरचा हात थांबवला. तुम्ही पेला उचललात, पुन्हा त्याच जागी ठेवलात. "मी एकदा गेलो होतो त्याच्या घरी," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्यांदा जाणार नाही. गेट उघडं आहे. ज्याला यायचंय तो येईल."

"अहो, लहान आहे तो," आई म्हणाली.

"सगळेच लहान आहेत. तुझा मुलगाही लहानच आहे. तो येतो ना?"

फायनल आम्ही जिंकलो. इतका कंटाळवाणा सामना मैदानावर त्या वर्षी दुसरा झाला नसेल. गोल नाही, जादा वेळेतही नाही, मग टायब्रेकर. पेनल्टी तुम्ही आमच्याकडून महिनाभर घोटून घेतल्या होत्यात. कोण कुठल्या कोपऱ्यात मारणार, किती पावलं मागे जाणार, सगळं. समोरच्या टीममध्ये एकापेक्षा एक खेळाडू होते आणि त्यांच्यातल्या सगळ्यात चांगल्या मुलाने चेंडू वरून मारला. हेडमास्तरांनी तुम्हाला झेंडूचा हार घातला. दुसऱ्या शाळांचे गेम टीचर येऊन विचारत होते, तुम्ही हे कसं करून घेता. दुर्गापूजेच्या सुट्टीआधी असेंब्लीत तुमचा सत्कार झाला. कप ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवला गेला.

त्यानंतर तुम्ही असा मुलगा पुन्हा टीममध्ये घेतला नाहीत. आले असतील, एखाददुसरे नक्की आले असतील. मी कॉलेजात गेलो, मग बँकेत लागलो, तरी कधी सुटीच्या दिवशी तुमची टीम बघायला यायचो. सगळी मुलं माझ्यासारखी होती. सारखी धावणारी, सारखी वळणारी. कप येत राहिले. तुमच्या हाताखालून इतकी मुलं गेली, त्यातला एकही पुढे कुठल्या क्लबकडून नीट खेळला नाही. निवृत्त झाल्यावर तुम्ही गॅलरीत बसून रस्त्यावर खेळणारी पोरं बघायचात. एकदा मी चहा घेऊन आलो तर तुम्ही खाली बघत स्वतःशीच म्हणालात, "डावा पाय नाही कुणाला." मी कप ठेवला. तुम्ही आणखी काही बोलाल म्हणून थांबलो. तुम्ही नाही बोललात, आणि मीही नाही विचारलं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. त्यालाही आता वीसेक वर्षं होतील. माझी मुलगी मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत किंवा बांग्लात देते, त्यामुळे तुमच्यानंतर मराठीत लांबलचक लिहावं असं माणूस मला उरलेलंच नाही.

परवा मी आणि गोलकीपर त्याच्या घरी गेलो. गोलकीपरचा गुडघा गेलाय, मी त्याला धरून जिना चढवला. खोली छोटी, स्वच्छ. बायको होती, आणि लग्न झालेली मुलगी सासरहून आली होती. आम्ही कोण हे सांगितल्यावर बायकोने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "हाफ भैया? और गोली भैया?" तिला सगळं माहीत होतं. कॉर्नर, टायब्रेकर, आईचं वरणसुद्धा. गोदीत कंटेनर आल्यावर मजुरांची कामं गेली. मग तो लॉरीवर होता, मग हावड्याच्या एका कारखान्यात रखवालदार. आजारपणात पडल्या पडल्या तो हेच सांगायचा म्हणे.

"सर पे गुस्सा नहीं थे?" गोलकीपरने विचारलं. त्याला राहवलं नाही.

"कभी नहीं. बोलते थे, सर ने ठीक किया. मैं खेलता तो सब बॉल मुझको ही देते, और उस दिन मेरा शरीर थका था. हार जाते."

मुलगी कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "और फाइनल वाला बात? वो भी बोलो ना, माँ."

बाईने फोटोवरचा हार नीट केला. मग म्हणाली, तो फायनलला गेला होता. मुकादमाला काहीतरी कारण सांगून, अंघोळ करून, पिशवीत बूट घेऊन. गोलच्या मागे एक झाड होतं, त्याच्याखाली उभा राहिला. पुढे यायची लाज वाटली. त्याला वाटलं, सर एकदा बघतील. बघितलं तर जाईन. "एक बार इधर देखते तो मैं चला जाता, ऐसा बोलते थे." सामना संपेपर्यंत उभा होता. आम्ही तुम्हाला उचलून घेतलं तेव्हा निघून गेला.

आम्ही खाली उतरलो. गोलकीपर फुटपाथवर थांबून रडला. मला रडू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती आणि तीच विचारायला मी आज दुपारी हे लिहायला बसलो. ते झाड मला माहीत आहे. टायब्रेकर त्याच बाजूच्या गोलवर झाला. तुम्ही मध्यरेषेपाशी उभे होता, तोंड त्याच दिशेला. एखाद्याच्या बुटाची नाडी सुटली तर तुम्हाला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची, बाबा. तो तुम्हाला दिसला होता का? दिसला नसेल तर तुम्ही निदान वाट बघत राहिलात, जशी मी तुम्हाला गेटकडे बघताना पाहिली होती. आणि दिसला असेल, दिसूनही तुम्ही मान वळवली असेल, जशी उपांत्य सामन्यात वळवलीत, तर मग मी तुमच्याबद्दल काय समजायचं ते मला कळत नाही. तुम्ही त्याच्यासाठी चालत्या ट्राममधून उतरला होतात.

आई आत्ताच येऊन गेली. "एवढं काय लिहितोयस?" म्हणाली. मी ऑफिसचं आहे म्हटलं. हे मी घडी करून कुठेतरी ठेवीन किंवा फाडून टाकीन, अजून ठरवलेलं नाही. पाठवायला तुम्ही नाही आहात, आणि असतात तर मी लिहिलं नसतं.

एक गोष्ट मात्र राहिली. ती गोलकीपरला सांगितली नाही, त्या बाईसमोर तर शक्यच नव्हतं. उपांत्य सामन्याहून परतताना ट्रामला गर्दी होती. मी दांडीला धरून उभा होतो आणि तुम्ही माझ्या मागे. तुम्ही तुमचा हात माझ्या मानेवर ठेवलात आणि भवानीपूर येईपर्यंत काढला नाहीत. त्याआधी कधी ठेवला नव्हतात, नंतरही नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, चांगले दिवस आले. परवा त्याच्या घरून परत आल्यावर मी कपडे बदलून पलंगावर पडलो, आणि डोळे मिटल्यावर मला तो आठवला नाही. मला तुमचा हात आठवला, आणि मला बरं वाटलं.